किल्ल्यावरचा चष्मा किल्ल्यावरच तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यातले रायगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे पाच आपल्या कोकणातले. कोकणातली कातळशिल्पं तर २०२२ पासून संभाव्य यादीत आहेत. तेव्हा डोळ्यांवर चढवला की जुना किल्ला उभा करणारा व्हीआर चष्मा, किंवा फोन समोर धरला की सड्यावरचं, म्हणजे उघड्या कातळपठारावरचं, कोरीव चित्र जिवंत करणारं एआर अॅप, असे प्रस्ताव गावोगाव येणार हे उघड आहे. त्याला आमचा विरोध नाही. प्रश्न आहे तो तपासणीचा. शहरातल्या वातानुकूलित खोलीत पंचविशीतल्या मुलांवर चाचणी होते, उद्घाटनाला पाहुणे चष्मा घालून 'वा' म्हणतात, अभिप्राय वहीत 'खूप छान' जमतं आणि बिल निघतं. ही यंत्रणा जिथे चालायची तिथे, त्या उन्हात, त्या माणसांवर चालते का, हे पाहायची रीत आहे. ती अवघड नाही, फक्त चिकाटीची आहे. टेंडर काढणाऱ्यांच्या आणि गावकऱ्यांच्या उपयोगी पडावी म्हणून थोडी सविस्तर लिहीत आहोत.

आधी उजेड. ऑफिसच्या खोलीत ३०० ते ५०० लक्स उजेड असतो. भर दुपारी उघड्या सड्यावर तो १ लाखाच्या घरात जातो. फोनचा पडदा त्यापुढे फिका पडतोच, शिवाय फोन तापला की तो स्वतःहून चमक उतरवतो आणि कॅमेऱ्याची गतीही कमी करतो. मग नेमका त्याच वेळी अॅपने दाखवलेला आभासी हत्ती कातळावरून सरकतो आणि शेजारच्या काजूच्या बागेत जाऊन उभा राहतो. यात जादू काही नाही. एआर अॅप कॅमेऱ्यातून दिसणारे काळे-पांढरे कडाकोपरे टिपून जागा ओळखतं. जांभ्यावर सकाळी सातला हे कोपरे म्हणजे बऱ्याच अंशी सावल्या असतात. कोरलेली रेघ तिरप्या उन्हात ठसठशीत दिसते, बाराला सपाट होते, संध्याकाळी तिची सावली उलट बाजूला पडते. एप्रिलमध्ये केलेलं स्कॅन ऑगस्टमध्ये जुळत नाही, कारण तोवर त्याच कातळावर गवत, शेवाळ आणि पाण्याची डबकी असतात. 'आमच्याकडे सगळं चालत होतं' असं कंत्राटदार म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याने एकदाच, एकाच वेळी पाहिलेलं असतं.

म्हणून सड्यावरची चाचणी किमान सहा फेऱ्यांची हवी: सकाळ, दुपार, संध्याकाळ, आणि हे तिन्ही एकदा उन्हाळ्यात, एकदा पावसाच्या उघडिपीत. प्रत्येक फेरीत ठरलेल्या दहा जागांवरून प्रयत्न करायचे आणि तीन गोष्टी लिहायच्या. चित्र जागेवर बसायला किती सेकंद लागले, दहापैकी किती वेळा बसलं, आणि आभासी कड व खरी कड यांत किती सेंटिमीटरचं अंतर राहिलं. अंतर मोजायला शिल्पाच्या बाहेर, कातळावर एक मोजपट्टी ठेवायची आणि पडद्याचा फोटो घ्यायचा. खडूने खुणा करू नयेत. हजारो वर्षं टिकलेल्या रेघेवर चाचणीसाठी खडू ओढणारे महाभाग निघतात म्हणून मुद्दाम सांगितलं. सोबत फोनचं तापमान, बॅटरी आणि हाती असल्यास लक्समीटरचा आकडा. किल्ल्यावर याला आणखी एक जोड: लोखंडी तोफेजवळ फोनचं होकायंत्र भरकटतं. बुरुजावरची माहिती दिशेवर अवलंबून असेल तर तोफेच्या शेजारी उभं राहूनच पाहावी, कारण पर्यटक तिथेच उभा राहतो.

व्हीआरच्या डब्याची दुखणी वेगळी. त्याची भिंगं उन्हाकडे तोंड करून राहिली तर थोड्याच वेळात आतल्या पडद्यावर कायमचा डाग पडतो. लहानपणी भिंगाने कागद जाळायचो तोच प्रकार. टेबल पश्चिमेच्या दाराशी लावलं तर चार वाजेनंतर हे घडणारच. बाहेरचे कॅमेरे आजूबाजूच्या वस्तू पाहून डोक्याची हालचाल ठरवतात, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत किंवा कोऱ्या चुना मारलेल्या भिंतीसमोर ते गोंधळतात. समुद्राच्या वाऱ्यावर मंडपाची कनात फडफडत असेल तर समोरचं चित्रच हलल्यासारखं वाटू शकतं. चाचणीत हे 'अपवाद' म्हणून गाळू नये. कनात इथे रोजच फडफडते.

आता माणसांकडे येऊ. खरी गडबड इथे होते, त्यामुळे जरा थांबून लिहितो.

व्हीआरमध्ये डोळे सांगतात 'चाललो आहोत' आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो 'बसलो आहोत'. त्यातून मळमळ, डोकं जड होणं, चक्कर असे त्रास होतात. ते मोजायला जगभर वापरतात ती प्रश्नावली १९९३ सालची, मुळात वैमानिकांच्या सिम्युलेटरसाठी केलेली. तिच्यात सोळा लक्षणं आहेत. प्रत्येकाला 'अजिबात नाही' ते 'तीव्र' असे ० ते ३ गुण. लक्षणांचे तीन गट पडतात आणि गटाच्या बेरजेला ठरलेल्या आकड्याने गुणतात: मळमळ गटाला ९.५४, डोळ्यांच्या गटाला ७.५८, तोल जाण्याच्या गटाला १३.९२.

या सोळांत 'घाम येणं' हे एक लक्षण आहे आणि ते मळमळ गटात मोडतं. मे महिन्यात मालवणच्या जेट्टीवर उभ्या माणसाला विचारलं तर तो प्रामाणिकपणे 'तीव्र' म्हणेल. चष्मा डोळ्यांवर चढायच्या आतच त्याचे मळमळीचे गुण २८.६२ झाले! 'ढेकर' हेही त्याच गटात आहे. माशाचं जेवण आणि सोलकढी उरकून आलेल्या मंडळींबद्दल बोलायलाच नको. उलट सिंधुदुर्गाला माणूस होडीतून हेलकावे खात येतो. त्यातल्या काहींच्या पोटात आधीच ढवळत असतं आणि दोष मात्र चष्म्याला लागतो. किंवा चष्म्याचा खरा दोष 'होडी लागली असेल' म्हणून सुटतो. म्हणून आधीची नोंद हवीच. पण तिलाही एक मेख आहे. आधी सगळी यादी वाचून दाखवली की नंतर लोक जास्त तक्रारी सांगतात, असं २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. यावर आमचा तोडगा असा: आधी सोळा प्रश्न नकोत. 'आत्ता पोट आणि डोकं कसं आहे, शून्य म्हणजे ठणठणीत आणि वीस म्हणजे उलटीच होणार' एवढा एकच प्रश्न विचारावा आणि चष्मा डोळ्यांवर असताना तोच दर मिनिटाला तोंडी विचारावा. ० ते २० ही मोजणी २०११ पासून वापरात आहे. बोटांवर दहापर्यंत मोजणं लोकांना सोपं जातं हे खरं, पण मग आपला आकडा इतरांच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही. सोळा प्रश्न नंतर. आणि घाम, ढेकर यांची बेरीज वेगळी दाखवायची.

भाषांतराचा घोळ याहून मोठा. मूळ यादीत 'डोळे उघडे असताना चक्कर', 'डोळे मिटल्यावर चक्कर' आणि आजूबाजूचं फिरल्यासारखं वाटणं अशी तीन स्वतंत्र लक्षणं आहेत. घाईच्या मराठीत तिन्हींची 'चक्कर'च होते. आजीबाईंना एकदा थोडं गरगरलं. त्यांनी तिन्ही ठिकाणी 'थोडं' सांगितलं. तिन्ही लक्षणं तोल गटातली. म्हणजे १३.९२ ऐवजी ४१.७६ गुण. एकाच गरगरण्याचे तिप्पट. अहवालात हा आकडा छापला की वाचणाऱ्याला वाटतं, चष्मा घातकच आहे. दुसरं एक लक्षण शब्दशः उतरवलं तर 'पोटाची जाणीव' असं काहीतरी होतं, आणि ते ऐकून माणूस विचारणाऱ्याकडे पाहतच राहतो. 'पोटात ढवळतंय का' म्हटलं की लगेच उत्तर येतं. गरगरण्यासाठी 'डोळे उघडे ठेवून बघा, मग मिटून बघा, कशात जास्त वाटतं' आणि 'तुम्ही फिरताय असं वाटतं की भोवतालचं फिरतंय' असं सुटं करून विचारावं. भाषांतर झालं की दुसऱ्या कोणाकडून ते मूळ भाषेत परत करून घ्यावं, आणि मग गावातल्या पाच-सहा जणांना प्रत्येक प्रश्न वाचून 'तुम्हाला यातून काय कळलं' एवढंच विचारावं. मालवणी, संगमेश्वरी, आगरी बोलणारे वेगवेगळे निवडावेत. या कामाला दोन दिवस पुरतात, तरी ते नेमाने टाळलं जातं.

वापरायला सोपं आहे का, हे मोजायची दहा वाक्यांची प्रश्नावलीही अशीच फसवते. तिच्यात एक वाक्य कौतुकाचं, पुढचं तक्रारीचं, असा क्रम असतो. प्रत्येकाला १ ते ५ गुण. विषम वाक्यांच्या गुणांतून १ वजा करायचा, सम वाक्यांचे गुण ५ मधून वजा करायचे, बेरजेला २.५ ने गुणायचं. १०० पैकी आकडा येतो. साधारण सरासरी ६८ धरतात. आता एखाद्याने पाहुण्याचं मन राखायला दहाही वाक्यांना 'हो, बरोबर' म्हटलं तर काय होतं? सगळे ४ द्या किंवा सगळे ५ द्या, उत्तर ५० च येतं. अहवालात ५० चे थवे दिसले तर यंत्रणा मध्यम आहे असा अर्थ काढू नये. लोक मान डोलावत होते असा काढावा. माशाच्या भावावरून तासभर वाद घालणारा आपला माणूस मुंबईहून यंत्र घेऊन आलेल्या पोरांना 'बरा आसा' म्हणून वाटेला लावतो, हे ज्याला ठाऊक नाही त्याने इथे चाचणी घेऊ नये. विचारणारा आणि बनवणारा एकच नसावा, एवढं तरी पाळावं.

म्हणून तोंडी उत्तरांपेक्षा हातांची आणि पायांची नोंद जास्त मोलाची. कोणी चष्मा मधेच काढला, कितव्या मिनिटाला; किती जणांनी घालायलाच नकार दिला आणि का; मदतनिसाला किती वेळा हात लावावा लागला; रांगेतून किती जण निघून गेले. चष्मा काढल्याची वेळ यंत्र स्वतः नोंदवू शकतं, कारण दोन भिंगांच्या मधे चेहरा जवळ असल्याचं ओळखणारा सेन्सर असतो. फक्त निघण्यापूर्वी यंत्राचं घड्याळ आणि वहीवाल्याचं घड्याळ एकत्र लावून घ्यावं. नाहीतर संध्याकाळी दोन्ही नोंदी जुळवताना डोकं धरून बसायची वेळ येते. आणि 'दहा मिनिटांचा खेळ पूर्ण केलेल्यांपैकी नव्वद टक्के खूश' अशा वाक्यात अर्ध्यावर उठलेले कुठे गेले, ते विचारावं.

रांगेचं गणित तर उद्घाटनाआधी कोणी मांडतच नाही. दहा मिनिटांचा खेळ, पाच मिनिटं पुसायला आणि पट्टा बसवायला. एका चष्म्यावर तासाला चार माणसं. चष्मे दोन. होडीवाल्याने तासाभरात परत बोलावलेल्या पंचेचाळीस जणांच्या सहलीतले आठ जण तो पाहणार, उरलेले सदतीस मदतनिसाशी भांडणार. बॅटरी साधारण दोन-तीन तास चालते आणि पुन्हा भरायला जवळपास तितकाच वेळ घेते, म्हणजे वीज सलग असली तरी दुपारी खंड पडतोच. वीज गेली तर काय, नेट नसताना अॅप उघडतं का, मधेच अपडेट मागतं का, हे पाहायला सोपा उपाय: आदल्या रात्री सगळी यंत्रं फ्लाइट मोडवर टाकायची, बंद करायची आणि सकाळी नव्याने आलेल्या मदतनिसाच्या हातात द्यायची. बनवणाऱ्याने दूर उभं राहायचं. पहिल्या वीस मिनिटांत काय काय अडतं ते लिहून घेतलं तरी निम्मी चाचणी झाली.

डोक्यावर बसण्याचा विषय हास्यास्पद वाटेल, पण निकाल बिघडतात ते त्यानेच. क्वेस्ट २ सारख्या चष्म्याचं वजन ५०३ ग्रॅम, सगळं नाकाकपाळावर. त्यात दोन बुबुळांमधल्या अंतरासाठी ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच खुणा. खूण चुकली की अक्षर धुरकट दिसतं, डोळे ताणतात आणि तो ताण 'व्हीआरचा त्रास' म्हणून नोंदला जातो. म्हणून सुरुवातीलाच आत मराठी ओळ दाखवून मोठ्याने वाचून घ्यावी. 'कि' आणि 'की' वेगळे वाचता आले तरच पुढे जावं. अंबाडा आणि गजरा असेल तर मागचा पट्टा नीट बसत नाही, चष्मा पुढे झुकतो आणि खालच्या फटीतून उजेड येतो. नंबरचा चष्मा आत घुसत नाही, घुसला तर दमट हवेत दोन्ही काचांवर वाफ धरते. खोबरेल तेलाचे हात भिंगाला लागले की पुढच्या दहा जणांना समुद्र धुक्यात दिसतो. भिंग कोरड्या मऊ फडक्यानेच पुसायचं, अल्कोहोल लावायचं नाही. चेहऱ्याला टेकणारा स्पंज घाम पितो, म्हणून त्यावर पुसता येणारं सिलिकॉनचं आवरण घालायचं आणि ते दर माणसामागे ७० टक्के अल्कोहोलने पुसायचं. गावात डोळे आले असतील तर त्या आठवड्यात चष्मा पेटीतच राहू द्यावा.

किती लोकांवर तपासावं, हा नेहमीचा प्रश्न. बटण सापडत नाही, सूचना कळत नाही, असे मोठे दोष पाच-सहा जणांत उघडे पडतात. पण 'त्रास होत नाही' असं म्हणायला पाच-सहा पुरत नाहीत. दहा जणांपैकी कोणालाच मळमळलं नाही, तरी खरं प्रमाण साधारण ३० टक्क्यांपर्यंत असू शकतं. तिसांत एकही नाही निघाला तर वरची मर्यादा साधारण १० टक्क्यांवर येते. ढोबळ नियम असा की ३ ला माणसांच्या संख्येने भागायचं. आणि हे तीस कोण? कॉलेजची मुलं नकोत. गणपतीत आलेले चाकरमानी एक दिवस, मासळी बाजारातल्या बाया एक दिवस, साठीपुढचे एक दिवस. लिलावाच्या वेळी बंदरावर जाऊन कोणी उभं राहणार नाही. भरती-ओहोटी आणि होड्यांच्या वेळा पाहून दिवस ठरवावा, आणि ज्याचे दोन तास घेतले त्याला त्याची मजुरी द्यावी. सरपंचाने पाठवलं म्हणून आलेला माणूस मधे उठत नाही. मग मधे उठणाऱ्यांचा आकडा खोटा येतो.

प्रशिक्षणासाठी, समजा चक्रीवादळात घर सोडण्याच्या सरावासाठी, व्हीआर आणलं तर मोजणी वेगळी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगड किनाऱ्यावर धडकलं ते आठवून असं काही करावंसं वाटणं योग्यच आहे. पण चष्मा काढल्याबरोबर घेतलेल्या परीक्षेत सगळेच पास होतात. नव्या खेळण्याची नवलाई असते. चार आठवड्यांनी, चष्मा न देता, 'आधी काय बंद कराल, काय घ्याल, कुठल्या रस्त्याने जाल' हे चालून दाखवायला सांगावं. आणि शेजारच्या वाडीला तेच साध्या तोंडी सरावाने शिकवून तीच परीक्षा घ्यावी. फरक नसेल तर चष्म्याचे पैसे शाळेच्या छपराला लावलेले बरे.

संमतीबद्दल थोडक्यात. डोक्याची हालचाल, डोळ्यांची उंची, आवाज हे सगळं यंत्र नोंदवतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचे सगळे मूलच धरले आहेत आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. मास्तरांची सही चालत नाही. मिरगी येणाऱ्यांना बसवू नये, आणि हे रांगेत सर्वांसमोर विचारू नये. व्हीआर बुरुजाच्या कडेला किंवा विहिरीजवळ नको. दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी, सपाट जागा आणि शेजारी एक माणूस. खेळ संपल्यावर अर्धा तास दुचाकीला हात लावू देऊ नये.

टेंडरमध्ये यासाठी चारच ओळी लागतात. चाचणी जागेवर आणि दोन ऋतूंत होईल. ती बनवणाऱ्याखेरीज दुसरं कोणी घेईल. अर्ध्यावर उठलेल्यांची आणि नकार देणाऱ्यांची संख्या अहवालाच्या पहिल्या पानावर असेल. आणि बिलाचा शेवटचा चौथा हिस्सा पावसाळी फेरीनंतरच निघेल. सिंधुदुर्गाच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, तेव्हा तिथे ही फेरी होड्या सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात घ्यावी. चार महिने खाऱ्या दमट हवेत पडून राहिलेल्या चार्जिंगच्या पिना हिरव्या पडल्या आहेत का, ते त्याच दिवशी समजेल.

कळावे,
आपले,
व्हीआर-एआर चाचण्यांचं काम करणारे काही जण,
रत्नागिरी